विशेष संदर्भ : भद्रावती तालुका

पीएचडी करणाऱ्याला "कुठवर आलं?" असं विचारू नये, एवढी साधी माणुसकी आमच्या भद्रावतीत कुणी पाळत नाही. पिठाच्या गिरणीवर विचारतात, बँकेत पासबुक भरताना विचारतात, मयतीला गेलं तर तिरडी बांधता बांधता विचारतात. नागपंचमीला भद्रनागाच्या दर्शनाच्या रांगेत तर मागचा माणूस खांद्यावर हात ठेवतो आणि नागोबालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "काय मग सर, टॉपिक भेटला का जी?" ज्याला विचारलं तो कसनुसं हसतो, "सिनॉप्सिस सुरू आहे" म्हणतो आणि नारळाच्या दुकानामागे दिसेनासा होतो. 'सिनॉप्सिस सुरू आहे' या वाक्याचं एक बरं आहे. ते पहिल्या आठवड्यात खरं असतं आणि चौथ्या वर्षीही खरंच असतं.

मी स्वतः पीएचडी नाही. ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो. निवृत्त मराठी मास्तराचा गावाला एकच उपयोग असतो, फुकटचं शुद्धलेखन. आधी लग्नपत्रिका यायच्या, मग वाढदिवसाच्या फ्लेक्सचा मजकूर यायला लागला, आणि हल्ली सिनॉप्सिस येतात. आणणारा चप्पल काढता काढताच सांगतो, "सर, फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहून द्या. बाकी सगळं फायनल आहे." बाकी सगळं फायनल आहे याचा अर्थ उद्दिष्टं ठरली, गृहीतकं ठरली, निष्कर्ष ठरले, प्रकरणांची नावं ठरली, फक्त संशोधनाला सुरुवात व्हायची आहे.

ही साथ आमच्याकडे पसरली ती २०११ नंतर. त्या वर्षी गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर, गडचिरोली हे दोन जिल्हे नागपूरच्या विद्यापीठातून सुटून त्याच्याकडे आले. तोवर पीएचडी ही नागपूरला जाऊन करायची गोष्ट होती, त्यामुळे ती न करायला एक सन्माननीय कारण होतं. आता विद्यापीठच दारात. अर्थात दार आमच्या मापाचं. भद्रावतीहून चंद्रपूर, तिथून मूल, मग व्याहाड, वैनगंगेचा पूल आणि मग गडचिरोली. शंभर किलोमीटरच्या वरचा पल्ला, बराचसा जंगलातून. आमच्याकडचा संशोधक नोंदणीच्या कागदांची फाइल छातीशी धरून एसटीच्या खिडकीतून वाघ शोधत जातो. वाघ दिसला तर निदान फेरी वाया गेली असं घरी सांगावं लागत नाही.

सिनॉप्सिसची पहिली लढाई शीर्षकाची. मोठमोठ्या ग्रंथांची नावं दोन शब्दांत आटोपतात, पण आमचं शीर्षक दोन ओळींत मावलं तर माणूस गंभीर नाही असं समजतात. आधी जिल्हा. मग त्या जिल्ह्यातला एखादा गरीब घटक, म्हणजे शेतकरी, आश्रमशाळा, सार्वजनिक ग्रंथालय किंवा महिला बचत गट. त्याला लागून 'योगदानाचा', 'भूमिकेचा' नाहीतर 'समस्यांचा'. पुढे 'चिकित्सक अभ्यास'. मग कंसात 'विशेष संदर्भ : भद्रावती तालुका', आणि सगळ्यांत शेवटी मालगाडीला गार्डाचा डबा असतो तसा कालखंड, २०११ ते २०२१. हा 'चिकित्सक' शब्द काढला तर काय बिघडेल, असं मी एकाला विचारलं. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "सर, मग नुसता अभ्यासच उरते न!"

शीर्षक मंजूर होईपर्यंत ते कुणाला दाखवायचं नाही, असा दंडक आहे. टॉपिक चोरीला जातात म्हणे. कोळशापासून तारेपर्यंत सगळ्याच्या चोरीची आम्हाला सवय आहे, त्यामुळे मी यावर अविश्वास दाखवत नाही. एक प्राध्यापक तर शीर्षकावर आडवा हात ठेवून समोर बसले. "सर, खालून तपासा." मी खालून तपासलं. तिसऱ्याच ओळीत शीर्षक पूर्णच्या पूर्ण आलेलं होतं, 'सदर' लावून.

आता विशेष संदर्भाला भद्रावतीच का, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. अहो, असा तालुका शोधून सापडायचा नाही. पर्यावरणवाल्याला उघड्या कोळसा खाणी. समाजशास्त्रवाल्याला त्या खाणींसाठी उठवलेली गावं. इतिहासवाल्याला विजासनची बौद्ध लेणी, पार्श्वनाथाचं जैन मंदिर आणि भद्रनाग, तिन्ही सायकलच्या टप्प्यात. वाणिज्यवाल्याला ग्रामोदय संघाची मातीकला. भूगोलवाल्याला पश्चिमेला वर्धा नदी. प्राणिशास्त्रवाल्याला तर घराबाहेर पडायचीही गरज नाही. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या परिसरात वाघ-बिबटे स्वतः होऊन येतात, नमुना निवडीचा प्रश्नच नाही. निवड तेच करतात.

खरं सांगायचं तर आमच्या भागावरचं पहिलं अर्धवट संशोधन सातव्या शतकातलं आहे. ह्युएन त्संग कलिंगाहून निघाला, वायव्येला जंगल तुडवत सुमारे १८०० ली चालला आणि कोसल देशात पोचला. राजा कसा, प्रजा कशी, विहार किती, सगळं त्याने लिहिलं. राजधानीचं नाव तेवढं लिहिलं नाही. आजच्या कुठल्याही समितीपुढे हा आराखडा गेला असता तर 'अभ्यासक्षेत्र निश्चित करून पुन्हा सादर करा' असा शेरा घेऊन बिचारा चीनला परतला असता. त्याने नाव न लिहिल्यामुळे पुढच्या विद्वानांची मात्र सोय झाली. फर्ग्युसनने ती राजधानी म्हणजे वैरागड म्हटलं, कुणी चांदा म्हटलं, कुणी आमचं भांदक, म्हणजे ही भद्रावतीच, म्हटलं, कुणी ती उचलून छत्तीसगडात सिरपूरला नेऊन ठेवली. कनिंगहॅम साहेब १८७३ ते १८७५ च्या मध्य प्रांतातल्या दौऱ्यात भांदकला येऊन विजासनची लेणी बघून गेले. डोंगरात सरळ आत जाणारी वाट, तिच्या टोकाला बुद्ध, आणि डाव्या-उजव्या अंगाला तशाच दोन वाटा. साहेबांनी नकाशा काढला, मापं घेतली, अहवाल छापला. साहेबांना गाइड नव्हता. समितीही नव्हती. म्हणून झालं ते काम.

त्याच्याही आधीचा दावा जैमिनी अश्वमेधातला. युवनाश्व राजाचा श्यामकर्ण घोडा भीमाने भद्रावती नगरीतून नेला ती ही आमची भद्रावती, असं गावात लहान पोरही सांगतं. एका उत्साही तरुणाने हे गृहीतक क्रमांक एक म्हणून लिहून आणलं होतं. मी म्हटलं, "अरे, पुरावा काय देशील?" तो म्हणाला, "सर, घोडा आता आहे का इथं? नाही न? म्हणजे नेलाच असन."

हसू नका. यापेक्षा कच्ची गृहीतकं मी रोज वाचतो, आणि त्यांना तर घोडाही नसतो. 'बचत गटांमुळे महिलांचे सक्षमीकरण झाले आहे.' 'ग्रंथालयामुळे वाचनसंस्कृती वाढीस लागते.' 'शिक्षकांच्या अध्यापनाचा विद्यार्थ्यांवर परिणाम होतो.' ही शेवटची खोटी ठरावी म्हणून मी मनातल्या मनात वाट पाहतो, कारण ३० वर्षं शिकवून मला उलट अनुभव आहे. पण गृहीतक खोटं ठरण्याची आपल्याकडे रीत नाही. "समज, खोटं निघालं तर?" असं मी विचारलं की समोरचा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघतो. "असं कसं निघन सर? मीच लिहिलं आहे न ते."

त्याला मी इरावती कर्वे यांची गोष्ट सांगतो. बाई १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या. गाइड ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं त्या काळचं मोठं नाव. युरोपियन माणसाची कवटी आणि इतरांची कवटी यांत फरक असतो, दोन बाजूंच्या असमानतेत तो दिसतो, असं फिशरसाहेबांच्या मनात होतं. बाईंनी कवट्या घेतल्या, मापं टाकली, आणि वंशाचा याच्याशी संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, गाइडच्या तोंडावर. पदवी मिळाली तरी. ही गोष्ट ऐकून आमचा संशोधक गप्प होतो. मला वाटतं, पोरगं हललं आतून. मग तो म्हणतो, "सर, त्यायच्या गाइडकडे आता व्हेकन्सी आहे का?"

हा विनोद नाही. व्हेकन्सी हेच पीएचडीचं खरं प्रवेशद्वार. नियमाने प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, त्यावर नाही. पूर्वी पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास झाली की आभाळ ठेंगणं व्हायचं, आणि २०२४ पासून तर नेटचे गुणही पीएचडीच्या प्रवेशाला चालायला लागले. म्हणजे आभाळं वाढली, खुर्च्या तेवढ्याच. त्यामुळे गाइडकडचा जुना विद्यार्थी व्हायव्हा देत असतो तेव्हा बाहेर सगळ्यांत अस्वस्थ असतो तो त्याचा बाप नव्हे, पुढचा विद्यार्थी. जुन्याला पदवी जाहीर झाली की पेढे नवा वाटतो. मी स्वतः असे पेढे खाल्ले आहेत. चंद्रपूरहून आणलेले होते, चांगले होते.

गाइड भेटला की तो विषय बदलतो. तुमचा विषय वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्याला त्यातलं काही येत नसतं म्हणून. यात अपमान वाटून घ्यायचं कारण नाही. कवितेवर काम करायला निघालेला एकजण 'ग्रामीण कथेतील प्रादेशिकता' घेऊन परत आला, आणि सहा महिन्यांत त्याला कवितेचा तिटकारा आला. संसार असाच होतो.

यानंतर येतो तो माझा आवडता भाग, पूर्वसाहित्याचा आढावा. याच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, 'सदर विषयावर यापूर्वी कोणत्याही प्रकारचे संशोधन झालेले नाही.' हे वाक्य मी बचत गटांवरच्या एकूण एक सिनॉप्सिसमध्ये वाचलं आहे. आता शोधगंगा नावाच्या संकेतस्थळावर देशभरचे प्रबंध ठेवतात आणि शोधगंगोत्रीवर मंजूर झालेले आराखडे. तिथे कुणीही जाऊन पाहावं की आपल्या न झालेल्या संशोधनावर आधी किती संशोधन झालं आहे. एका मुलाला मी तसं पाहायला लावलं. त्याने पाहिलं, मनापासून उतरवून घेतलं आणि शेवटचं वाक्य तेवढं कायम ठेवलं.

उतरवून घेण्याचाही आता कायदा आहे. २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य निघालं तर शिक्षा नाही, त्यावर निघालं तर पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई. नियम करणाऱ्यांच्या मनात ही मर्यादा असेल, आमच्याकडे तो कोटा झाला. "दहा टक्के सुटतात सर, वाया कायले घालवायचे?" किरकोळ रजा मार्चपूर्वी संपवावी त्या निष्ठेने लोक तेवढे टक्के वापरून घेतात. उरलेल्यासाठी समानार्थी शब्दांचा कोश. यातून जी मराठी जन्माला येते ती तपासताना माझा रक्तदाब वाढतो. पाणीटंचाईचं जलदुर्भिक्ष होतं, ते एक वेळ ठीक. पण 'महिला बचत गटांचे सक्षमीकरण' हे साम्य टाळण्यासाठी 'भगिनींच्या काटकसर समूहांचे बळकटीकरण' झालेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तांबड्या शाईने रेघ मारली. तो म्हणाला, "सर, ते राहू द्या, मशीन तिथं फसते."

त्या भगिनींबद्दल मात्र मला मनापासून आदर आहे. आमच्या तालुक्यातल्या बचत गटाच्या बायकांनी इतक्या प्रश्नावल्या भरून दिल्या आहेत की संशोधन पद्धतीच्या पेपरला त्यांनाच बसवावं. एकदा अशा एका पाहणीला मी सोबत गेलो होतो, भर मे महिन्यात, पारा ४६ ला टेकलेला. संशोधक घामाने निथळत होता आणि अध्यक्षबाई ओसरीत बसून आंब्याच्या फोडी मिठात चोळत होत्या. त्याने पाच पर्यायांचा तक्ता काढला, पूर्णतः सहमतपासून पूर्णतः असहमतपर्यंत. बाईंनी हातही पुसले नाहीत. "भाऊ, मांगच्या वर्षी आर्थिक झालं होतं. हे सामाजिक व्हय का?" हो म्हटल्यावर त्यांनी आत पाहून हाक मारली, "या वो साऱ्याजणी, सामाजिक आहे. पह्यल्या रकान्यात खुणा करा, लवकर होते." अर्ध्या तासात नमुना गोळा. निघताना बाईंनी संशोधकाला ताक दिलं आणि विचारलं, "मागं जो पोरगा आला होता, त्याची झाली का नोकरी?" सबंध प्रश्नावलीत एवढा नेमका प्रश्न नव्हता.

हे सारं गोळा होऊन शेवटी जातं बसस्टँडजवळच्या डीटीपी सेंटरवर. तिथला मुलगा सांगेल तुम्हाला, कोणत्या गाइडला 'व्याप्ती' आणि 'मर्यादा' वेगळ्या लागतात, कुणाला एकत्र चालतात, कुणाला संदर्भसूची अकारविल्हे हवी आणि कुणाला स्वतःचं पुस्तक सगळ्यांत वर. "मर्यादा अर्ध्या पानाच्या वर नेऊ नका सर," तो मला एकदा म्हणाला, "जास्त मर्यादा दिसल्या का कमिटी भेते." आमच्या तालुक्यातल्या संशोधनाला दिशा देणारा हा माणूस बी.ए. आहे आणि दिवसभर कृतिदेवमध्ये टाइप करतो.

कृतिदेवबद्दल बोलायलाच हवं. आमच्या गावात अजून लोकांची बोटं त्याच फॉन्टवर बसलेली आहेत. या फॉन्टची गंमत अशी की पडद्यावर देवनागरी दिसते, पोटात इंग्रजी अक्षरं असतात. समोरच्या संगणकात फॉन्ट नसला की पोटातलं बाहेर येतं. एका संशोधकाने रात्री जागून सिनॉप्सिस गाइडला मेल केला. गाइडने सकाळी मोबाइलवर उघडला. 'भद्रावती' असं जिथे जिथे लिहिलं होतं तिथे तिथे एच, के, एन, झेड, के, ओ, आर, एच. गाइडने पाच पानं धीर धरून वर-खाली केली आणि फोन लावला, "अहो, मी मराठीतच सांगितलं होतं ना?" नंतर युनिकोडमध्ये बदलायचं ठरलं, तर बदलताना रफार उडाले, जोडाक्षरं फुटली, 'संदर्भ'चा काहीतरी भलताच शब्द झाला. तो सगळा मजकूर माझ्याकडे आला. बाकी सगळं फायनल होतं.

आणि पेनड्राइव्ह करप्ट होणे. हा आमच्याकडचा राष्ट्रीय आजार आहे. मुदतीच्या आदल्या दिवशी तो हमखास होतो. अशा वेळी मी डॉ. आंबेडकरांचं उदाहरण देतो, कारण चंद्रपूर जिल्ह्यात ते कुणाला परकं नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब चंद्रपूरला आले होते, दीक्षाभूमी तिथे आहे. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. पुस्तकं आणि कागद वेगळ्या बोटीने पाठवले होते, ती बोट महायुद्धात पाणतीराने बुडाली. तरी माणूस पुन्हा लंडनला गेला आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डीएस्सीला मान्य करून घेतला. "बोट बुडाली होती बाबा, बोट," मी म्हणतो, "तुझा पेनड्राइव्ह आहे." यावर सगळे मान खाली घालतात. एकाने मात्र विचारलं होतं, "सर, बाबासाहेबांना मुदतवाढ किती भेटली होती?"

मुदतीवरून आठवलं. सिनॉप्सिसच्या शेवटी कामाचं वेळापत्रक जोडतात. साहित्य संकलन ६ महिने, क्षेत्रीय पाहणी ६ महिने, विश्लेषण, लेखन, सादरीकरण, सगळं तीन वर्षांत बसवलेलं, कारण नियमाने कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा. इतकी मनोहर काल्पनिका मराठीत अलीकडे लिहिली गेलेली नाही. त्यात निवडणुकीची ड्युटी नसते, कापसाची वेचणी नसते, लगीनसराई नसते, सासऱ्यांचा मोतीबिंदू नसतो. बायकांना दोन वर्षं जास्त आणि २४० दिवसांची प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते, ही मात्र शहाणपणाची गोष्ट. आमच्या शेजारच्या सूनबाई शाळेत शिकवतात आणि सिनॉप्सिस लिहितात. वेळापत्रक दाखवायला आल्या तेव्हा त्यांनी पेन्सिलीने कोपऱ्यात आणखी एक ओळ लिहिलेली होती, 'पाहुणे : वर्षभर'. मी म्हटलं, ही टाइप करू नका. त्या म्हणाल्या, "काका, तेवढीच तर खरी आहे."

या सगळ्या ढिगात एकदा एक मुलगी चार कागद घेऊन आली. हाताने लिहिलेले. तिचं गाव खाणीत गेलं आहे, घरं नव्या जागी गेली. पहिल्या ओळीत तिने लिहिलं होतं, 'आमच्या गावचा पोळा जिथे भरायचा ती जागा आता खड्डा आहे, तर गाव उठल्यावर पोळा, हनुमानाचं देऊळ आणि भाऊबंदकी यांचं काय होतं, हे मला पाहायचं आहे.' खाली, कुणाला विचारणार, काय काय विचारणार, हे साध्या भाषेत. म्हाताऱ्यांकडून जुन्या गावाचा नकाशा जमिनीवर काढून घेणार, म्हणे, खडूने. 'सदर' एकदाही नव्हतं. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि कागद परत दिले. डीटीपीवाल्याने टाइप करायचे पैसे घेतले नाहीत, ही घटना बसस्टँडवर आठवडाभर चर्चेत होती.

हे कागदही यथावकाश समितीपुढे गेले. समिती कोणत्या विद्यापीठाची ते सोडा, समित्या सगळीकडे सारख्याच असतात. बाहेर बाकावर उमेदवार सकाळपासून बसलेले. टाय घातलेला असतो, तो सुटतो, पुन्हा बांधतात. आत पाच मिनिटं. एक तज्ज्ञ पहिलं पान बघतात आणि विषय फार व्यापक आहे म्हणतात. दुसरे शेवटचं पान बघतात, कारण संदर्भसूचीत आपलं नाव आहे की नाही हे तिथेच कळतं. तिसरे 'याचा समाजाला उपयोग काय?' असं विचारतात आणि उत्तर सुरू झालं की चहाच्या कपाकडे बघतात. उमेदवार मग जिल्ह्याचा तालुका करतो, तालुक्याची दोन गावं करतो आणि पुढच्या खेपेला येतो, तेव्हा 'नमुना अपुरा' असा शेरा मिळतो. बचत गटवाले सगळे 'किरकोळ दुरुस्तीसह मान्य' होऊन बाहेर आले. मुलीच्या कागदावर लिहून आलं, 'गृहीतके आढळून येत नाहीत.'

ती माझ्याकडे आली तेव्हा रडत वगैरे नव्हती, चिडलेली होती. "सर, मले माहीतच असतं तर मी विचारलं कायले असतं?" याचं उत्तर मला येत नाही. पण कागद मंजूर व्हायला हवेत, म्हणून आम्ही दोघांनी बसून तीन गृहीतकं तयार केली. 'गावाच्या विस्थापनाचा सण-उत्सवांवर परिणाम होतो', अशा थाटाची. डीटीपीवाल्याने 'सदर' आपल्या पदरचे घातले. शीर्षकात 'चिकित्सक' आलं. पुढच्या खेपेला प्रस्ताव मान्य झाला आणि तिने त्याच रविवारी खडूचा डबा घेतला.

बाकीच्यांचे प्रस्तावही मान्य झालेत, पण मान्य झालेला प्रस्ताव पाहून आमचा तालुका हुरळून जात नाही. १९९० च्या दशकात केंद्र सरकारने फास्ट ट्रॅक म्हणून ज्या आठ वीजप्रकल्पांना पुढे काढलं, त्यांत दाभोळचा एन्रॉन होता तसा आमचा भद्रावतीचा निप्पॉन डेन्रोही होता. मंजुरी, जमीन, मोबदला, सगळी प्रकरणं रीतसर झाली. वीज तेवढी आली नाही. तेव्हा नोकरी लागणार म्हणून ज्यांनी लग्नं जमवली त्यांची पोरं आता पीएचडीला आहेत, आणि त्यातल्या एकाचा विषय 'भूसंपादनाचा चिकित्सक अभ्यास' असा आहे. त्या पोराच्या बापाला मी रस्त्यात विचारलं, कुठवर आलं? तो म्हणाला, "फास्ट ट्रॅकवर आहे."

गेल्या आठवड्यात डीटीपीवाला स्वतः घरी आला. हातात फाइल. बी.ए.नंतर त्याने दुकान सांभाळत बाहेरून एम.ए. केलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पेट द्यायची म्हणतो. विषय ठरला आहे, 'भद्रावती तालुक्यातील संशोधन आराखड्यांचा चिकित्सक अभ्यास'. मी पूर्वसाहित्याचा आढावा उघडला. 'सदर विषयावर यापूर्वी कोणत्याही प्रकारचे संशोधन झालेले नाही' हे वाक्य तिथेही होतं, आणि मी तपासून पाहिलं, यावेळी ते खरं आहे. मूळ सामग्री त्याच्याकडे दुकानाच्या संगणकात आहे, अनेक वर्षांची, प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्यापर्यंत. कुणी कुणाचं किती उचललं, गाइडने कुठे काय खोडलं, कोणतं गृहीतक किती जणांकडे फिरून आलं, सगळं तारखेवार. नमुना यादृच्छिक म्हणावा तर यापेक्षा यादृच्छिक काय असणार, जो दुकानात आला तो आला. अडचण एवढीच की ही बातमी फुटल्यापासून परिसरातल्या एकाही गाइडकडे व्हेकन्सी उरलेली नाही. आणि त्याचं गृहीतक क्रमांक एक जे आहे ते इतकं भारी आहे की मला राहवत नाही, पण इथे लिहीत नाही. नोंदणी व्हायची आहे अजून. टॉपिक चोरीला जातात.